सायकलीच्या वहीतली लेकरं

गेल्या तीन वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा : "बाई, कागद फेकायलाही इतका वेळ लागतो का?" विचारणाऱ्यांत नगरसेवक होते, आमचेच अभियंते होते, माझे यजमानही होते. सगळ्यांना मी एकच उत्तर दिलं. फेकायला वेळ लागत नाही. काय फेकलं ते लिहून ठेवायला लागतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान नगरपरिषदेत अभिलेखपाल आहे. गावच्या कारभारात आजवर जे जे लिहिलं गेलं ते ज्या खोलीत ठेवतात, त्या खोलीची मी राखणदार. गावाचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर हा अंक लोकांच्या हातात पडेपर्यंत मला आणखी एक नोटीस येईल. एक येऊन गेली आहे आणि हा लेख तिच्याबद्दलच आहे.

कार्यालयात मला माझ्या माघारी ‘यादीबाई’ म्हणतात. मला ते कळत नाही असा त्यांचा समज आहे. नाव काही खोटं नाही. माझी किराण्याची यादी दुकानातल्या मांडणीच्या क्रमाने असते, म्हणजे दुकानदाराला मागे-पुढे पळावं लागत नाही. गावाला निघताना काय काय बंद करायचं याची यादी आमच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. त्यामुळे नावाचा मला राग नाही. रागावण्यासारख्या दुसऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत.

बाहेरच्या वाचकासाठी आमचं काम थोडक्यात सांगते. सरकारी कागदाला जन्मतःच आयुष्य ठरवून दिलेलं असतं. ‘अ’ वर्गाचा कागद कायम जपायचा. ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच आणि ‘ड’ एक वर्ष. मुदत संपली की यादी करायची, मुख्याधिकाऱ्यांची मंजुरी घ्यायची, कागदांचा नाश करायचा आणि नाश झाला असं प्रमाणपत्र अभिलेखपालाने सही करून फाइलला लावायचं. या सगळ्याला सरकारी भाषेत निंदणीकरण म्हणतात. हा शब्द ज्याने निवडला तो शेतकऱ्याच्या घरचा असावा. फरक एवढाच, की आमच्या भागात कपाशीचं निंदण हंगामात दोन-तीनदा होतं आणि आमच्या अभिलेख कक्षाचं मी येईपर्यंत एकदाही झालेलं नव्हतं.

हा कक्ष म्हणजे कार्यालयामागचं जुनं जकातीचं गोदाम. छतापर्यंत लोखंडी मांडण्या आणि त्यांवर लाल रुमालात बांधलेले गठ्ठे. तिथे माझ्यासोबत गफ्फारभाई. ते आमचे दफ्तरी, म्हणजे गठ्ठे बांधणं, सोडणं आणि फाटक्या वह्या शिवणं हे त्यांचं काम. त्यांचे वडील गावातले नावाजलेले बाइंडर होते. गफ्फारभाई चष्मा न लावता नुसत्या हाताने चाचपून वही किती जुनी ते सांगतात आणि सहसा चुकत नाहीत. मी चुकते, पण माझ्याजवळ यादी असते.

आता नियमांचं सांगते. कोणता कागद कोणत्या वर्गात, हे सांगणारी नगरपरिषदेची अनुसूची माझ्या जन्माच्या आधी टंकलिखित झालेली आहे. तीत टांग्यांचे परवाने आहेत, रस्त्यावरच्या कंदिलांच्या रॉकेलचं रजिस्टर आहे, कोंडवाड्यात आणलेल्या जनावरांची नोंद आहे. संगणकावरची घरपट्टी नाही, चौकातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण नाही आणि आता लोक ज्या व्हॉट्सअॅप गटावर नाली तुंबल्याची तक्रार टाकतात तो गटही नाही. नवे मुख्याधिकारी आले, तरुण आणि हुशार. त्यांनी माझं टिपण वाचलं आणि नियम अद्ययावत करायला समिती नेमली. सचिव मी.

समितीच्या पहिल्या बैठकीत अभियंता म्हणाले, "आमची मोजमाप पुस्तकं पाच वर्षांत काढून टाका. उगाच लोक माहिती मागत बसतात." करविभागाचे प्रमुख म्हणाले, "आमचं सगळं ‘अ’ वर्गात टाका." मी विचारलं, "चहापाण्याची फाइलसुद्धा?" ते म्हणाले, "राहू द्या न बाई. कधी काय कामी येईन सांगता येते काय?" दुसरी बैठक गणसंख्येअभावी झाली नाही. तिसरीत पहिल्या बैठकीचं इतिवृत्त कायम करायचं की दुरुस्त करायचं यावर जेवणाची वेळ झाली. चौथी संपूर्ण बैठक एका प्रश्नावर गेली : तक्रारींच्या गटावर तुंबलेल्या नालीच्या दोन फोटोंमध्ये ‘शुभ सकाळ’ लिहिलेल्या फुलांचे चौदा फोटो असतील, तर फुलांचा वर्ग कोणता? मी गंमत करत नाही. इतिवृत्त माझ्याजवळ आहे.

तेवढ्यात दुसरंच ठरलं. गोदामाच्या अर्ध्या जागेत नागरिक सुविधा केंद्र करायचं, म्हणून जुन्याच नियमांनी निंदणीकरण करून दोन महिन्यांत जागा मोकळी करून द्या. नवे नियम येतील तेव्हा येतील.

मी यादी केली. दोनशे बारा ओळींची. आयुष्यात केलेल्या सगळ्या याद्यांत ही सर्वांत सुबक, असं मला तेव्हा वाटत होतं. प्रत्येक वही मी स्वतः उघडली. वरची चिठ्ठी वाचायची, पहिल्या पानावरची तारीख घ्यायची, पानं उलटत शेवटच्या नोंदीपर्यंत जायचं, तिची तारीख घ्यायची, पुढे कोरी पानं लागली की वही बंद. एकशे त्रेचाळिसाव्या ओळीत सायकल परवाना नोंदवही होती. पूर्वी सायकल ठेवायची तर नगरपरिषदेचा पत्र्याचा बिल्ला दरवर्षी घ्यावा लागे, त्याची ती वही. मालकाचं नाव, सायकलीचा रंग, बिल्ल्याचा क्रमांक. वर्ग ‘क-१’, मुदत पाच वर्षं. ती संपून दोन पिढ्या झाल्या होत्या. मी ‘नाश करावा’ लिहिलं आणि एकशे चव्वेचाळिसाव्या ओळीवर गेले.

यादीचं काम चालू असताना अनिल राठोड आले. मूळचे महागावकडच्या एका तांड्याचे, आता लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फिटर. मुलीला सरकारी नर्सिंग कॉलेजात जागा मिळत होती. जातपडताळणीचं प्रमाणपत्र मुदतीत दिलं तरच ती टिकणार होती. त्यासाठी ठरावीक वर्षाआधीचा, जातीचा उल्लेख असलेला पुरावा लागतो. आजोबांचा असला तर उत्तम.

"बाबाचा जन्म तुमच्याच गावचा हाये मॅडम," राठोड म्हणाले. "माहा आजा धर्मा राठोड. आजी इथं पान्याच्या टाकीच्या कामावर होती. आत्या सांगते, टाकी बांधू राह्यले होते आन् दिवाळीच्या आगंमागं बाबा झाला. सरकारी दवाखान्यात."

टाकी कोणत्या वर्षी बांधली ते टाकीवरच कोरलेलं आहे. मी त्या वर्षाचं जन्म रजिस्टर काढलं. सप्टेंबर अखेरीला ते संपत होतं. पुढचं रजिस्टर जानेवारीत सुरू. मधले तीन महिने नाहीत. वाळवीने खाल्ले असतील असं मी म्हटलं. आमच्याकडे जे सापडत नाही ते वाळवीने खाल्लेलं असतं. दहा जुन्या पोलादी कपाटांचा पत्ता लागला नाही तेव्हाही कोणीतरी वाळवीचंच नाव घेतलं होतं.

राठोड तीनदा आले. दर वेळी अर्ध्या दिवसाची रजा टाकून. तिसऱ्यांदा म्हणाले, "मॅडम, नसन तं नाही म्हून लिहून द्या. कागद तं पाह्यजे."

मी लिहून दिलं. आणि इथे माझी पहिली चूक झाली. रजिस्टरच नसेल तर ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असा दाखला द्यायचा असतो. रजिस्टर पाहिलं आणि त्यात नाव नसेल तर ‘नोंद आढळून येत नाही’. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण दुसऱ्याचा अर्थ असा होतो, की आम्ही शोधलं आणि हा माणूस इथे जन्मलाच नाही. छापील नमुना आमच्याकडे फक्त दुसऱ्याचा होता. दुपारचे दोन वाजले होते, माझ्या यादीच्या सत्तर ओळी बाकी होत्या. मी छापील नमुना भरला, सही केली, शिक्का मारला.

पुढे तीन आठवड्यांनी यादी मंजूर झाली आणि कागदाचा लगदा करणाऱ्या गिरणीचा ट्रक आला. गिरणीला पुठ्ठा चालत नाही, म्हणून गफ्फारभाई सकाळपासून गोदामाच्या दारात बसून वह्यांचे पुठ्ठे सोडवत होते. पुठ्ठा नेहमी मागून सोडवायचा, पुढून ओढला तर पाठीसकट फाटतो, असं त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलेलं. मी यादी घेऊन समोर उभी. ते क्रमांक वाचत, मी खूण करत होते. एकशे बेचाळीस झाला. एकशे त्रेचाळीसला ते थांबले.

"बाई, हे सायकलीची वही होय ना?"

"हो. टाका."

"मंग यात लेकरं काहून पैदा होऊन राह्यले?"

मी म्हटलं, "गफ्फारभाई, ट्रक उभा आहे."

"ट्रकले उभं राहाच लागते बाई, त्याले बसता येत नाही. तुमी पाहा तं खरं."

त्यांनी मागचा पुठ्ठा सोडवला होता आणि वही उलटी धरली होती. शेवटचं पान पहिलं झालं होतं. त्यावर पट्टीने आखलेले रकाने. दिनांक, मुलगा-मुलगी, बापाचे नाव, जात, मुक्काम. एक ऑक्टोबरपासून. जन्म रजिस्टरची छापील पानं संपली असणार आणि नवं जिल्ह्याहून यायचं असणार. त्या वेळच्या काटकसरी कारकुनाने सायकलीची अर्धी कोरी वही उलटी केली, मागून सुरू केली आणि तीन महिने तीत गावची लेकरं लिहिली. पुढून सायकली, मागून लेकरं, मध्ये अकरा कोरी पानं. त्या कोऱ्या पानांपर्यंत येऊन मी वही बंद केली होती.

नोव्हेंबरात सापडलं. मुलगा. बापाचे नाव धर्मा भिका राठोड. जात बंजारा. मुक्काम : टाकीचे काम.

ट्रक थांबवला. तोवर गेलेल्या वह्या खाली उतरवल्या आणि गफ्फारभाई व मी त्या सगळ्या पुन्हा मागून उघडून पाहिल्या. बाकीच्यांत काही निघालं नाही. ट्रकवाल्याने आम्हाला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

मला वाटलं होतं, अवघड भाग संपला. वही घेऊन मी मुख्याधिकाऱ्यांकडे गेले आणि म्हटलं, राठोडांना उतारा द्यायचा आहे.

"मॅडम, ही वही नाशनाच्या यादीत आहे," ते म्हणाले. "यादीवर माझी मंजुरी झाली. आता ती वही नाही."

"साहेब, वही तुमच्या टेबलावर आहे."

"टेबलावर असेल. कागदावर नाही. नसलेल्या वहीचा उतारा कसा द्यायचा?"

ते दुष्ट नव्हते. नियम खरंच तसा होता. कागद नष्ट कसा करायचा याच्या सतरा पायऱ्या आमच्या नियमांत आहेत, पण यादीतला कागद परत कसा आणायचा याची एकही नाही. साहेबांनी सुचवलं, की सुधारित यादी करून पुढच्या महिन्यात पुन्हा मंजुरीला ठेवू. प्रवेशाची शेवटची फेरी त्याआधीच संपत होती.

मी खाली येऊन नियम पुन्हा वाचले. सतराव्या पायरीवर थांबले. नाश झाल्याचं प्रमाणपत्र अभिलेखपाल देईल. म्हणजे माझी सही होईपर्यंत यादीतली एकही वही मेलेली नव्हती. मी वर गेले आणि साहेबांच्या समोर लाल पेनने माझ्या यादीतली एकशे त्रेचाळिसावी ओळ खोडली. शेऱ्यात लिहिलं : ‘वही मागील बाजूने तपासली नव्हती. चूक माझी. नाश केला नाही.’

साहेब म्हणाले, "‘चूक माझी’ कशाला? ‘अनवधानाने’ लिहा."

"अनवधान कोणाचं, हे वाचणाऱ्याला कळायला नको का?"

"मग नोटीस द्यावी लागेल मॅडम."

"द्या. उतारा आज द्या, नोटीस उद्या दिली तरी चालेल."

त्यांनी उताऱ्यावर प्रतिस्वाक्षरी केली. त्याबद्दल त्यांचे आभार मी इथे जाहीर मानते, नाव न घेता.

राठोड दुपारच्या एसटीने कारखान्याच्या कपड्यांतच आले. उतारा नुसता हातात घेतला आणि म्हणाले, मूळ वही पाहायची आहे. मी दाखवली. ओळीवर बोट ठेवून त्यांनी दोनदा वाचली.

"म्हंजे आत्या खरं सांगत होती."

"तारीखही आहे बघा."

"बाबाले कधी मालूमच नव्हती. मास्तरनं शाळेत एक जून टाकला होता. तांड्यातले सारेच एक जूनचे." बोट ओळीवर तसंच ठेवून म्हणाले, "बाबा जाऊन तीन वर्षं झाले."

उतारा पडताळणी समितीकडे गेला आणि माझा पहिला दाखला त्याच्या आधीच तिथे पोचलेला होता. एकाच कार्यालयाचे, एकाच सहीचे दोन कागद. एक म्हणतो माणूस इथे जन्मला नाही, दुसरा म्हणतो जन्मला. समितीने मला बोलावलं. रुमालात बांधलेली वही मांडीवर घेऊन मी एसटीने यवतमाळला गेले.

"दोन्हींवर सही तुमचीच?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"हो."

"खरं कोणतं?"

"दुसरं."

"मग पहिलं काय होतं?"

मी म्हटलं, "पहिलं छापील नमुना पाहून दिलं होतं. दुसरं वही पाहून."

त्यांनी माझा जबाब घेतला, वहीची शाई, कागद, शिवण पाहिली, आमच्या कार्यालयाला खुलासा विचारला. कार्यालयाने खुलासा पाठवायला जितके दिवस लावायचे तितके लावले. खुलासा ज्या टेबलावर अडला होता तिथे मी रोज जाऊन उभी राहत होते. वैधता प्रमाणपत्र मिळालं, पण प्रवेशाची शेवटची फेरी संपल्यावर नऊ दिवसांनी. मुलीची जागा दुसऱ्या कोणाला गेली होती.

फोनवर राठोड म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, एका वर्षानं काय होते. पुढच्या साली भरन ते." मला कोणी शिव्या दिल्या असत्या तर मी उत्तर शोधलं असतं. मुलगी वर्षभर एका दवाखान्यात रुग्णांची नावं पुकारायला बसली. पुढच्या वर्षी तिला प्रवेश मिळाला. आता तिचं पहिलं वर्ष चालू आहे.

आमच्या नियमांच्या समितीचं कामही यथावकाश संपलं. नव्या नियमांत मी एक कलम घातलं होतं : ‘कोणतीही नोंदवही नाशनासाठी घेण्यापूर्वी ती पुढून व मागून, शेवटच्या पानापर्यंत उघडून पाहावी.’ अंतिम मसुद्यात ते असं झालं : ‘नोंदवह्यांची आवश्यक ती तपासणी करावी.’ मी विचारलं, हे कोणी बदललं? उत्तर आलं, भाषा सुटसुटीत केली. आवश्यक ती तपासणी मीही केली होती. यादीतला कागद परत आणण्याचं कलम अभिप्रायासाठी पाठवलं आहे. कोणाकडे, ते जावक क्रमांक पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि जावक रजिस्टर सध्या सापडत नाही. फुलांच्या फोटोंना मात्र ‘ड’ वर्ग मिळाला.

नोटीस आस्थापना विभागाच्या वानखडेंनी आणून दिली. आम्ही वीस वर्षांचे सहकारी. खुलाशाचा ठरलेला नमुना त्यांनीच पुढे ठेवला. पाच मुद्दे. पाचवा : सदर चुकीमुळे झालेले नुकसान.

"इथं निरंक लिहून टाका बाई," वानखडे म्हणाले. "कोनाचा पैसा तं गेला नाही ना?"

"पैसा नाही गेला."

"मंग निरंक."

मी लिहिलं : एका मुलीचे एक शैक्षणिक वर्ष.

वानखडेंनी वाचलं. "असं कोनी लिहीत नसते बाई. वर वाचतीन तं काय म्हनतीन?"

"वाचतील तरी."

समज देऊन प्रकरण बंद झालं. अशी फाइल पाच वर्षं ठेवायची आणि मग नष्ट करायची. वही मात्र आता ‘अ’ वर्गात आहे, कायम. मी नोटिशीची आणि खुलाशाची साक्षांकित प्रत घेतली आणि गफ्फारभाईंना म्हटलं, ही वहीत शिवायची. तसं करू नये असं कुठे लिहिलेलं नाही, मी तपासलं.

"कोनत्या बाजूनं शिवू?" त्यांनी विचारलं.

"मधल्या कोऱ्या पानांत."

त्यांना ते लगेच पटलं. "बरोबर. इकडून येईन तोही थांबन, तिकडून येईन तोही थांबन." त्यांनी नवा पुठ्ठा चढवला, मधे प्रत शिवली, गाठ मारून दोरा तोडला. मग नव्या चिठ्ठीवर लिहायला पेन उघडून म्हणाले, "बाई, सांगा, काय लिहू?"

मी सांगितलं, "पुढून सायकली, मागून लेकरं, मध्ये मी."